करवंदी अक्षरांचे दहा वाचक

३ ऑगस्ट १९५८, रविवार

बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गिरणीचं सर्टिफिकेट आज भिंतीवरून उतरवलं. काच पुसण्याचं फक्त निमित्त. खरा डोळा होता वरच्या दोन इंग्रजी ओळींवर. बापू पंचवीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, राबून गावी गेले आणि हे सर्टिफिकेट खोलीत ठेवून गेले. त्यात काय लिहिलंय ते त्यांना आजतागायत माहीत नाही, पण आल्यागेल्याला सांगायचे, अक्षर बघा, नक्की मोठ्या साहेबाचं असणार.

मलाही इंग्रजी बेताचंच येतं. पण अक्षर बघायला भाषा कशाला लागते? काळीभोर, जाड अक्षरं. एकालाही गोलाई नाही. जिथे वळायचं तिथे सरळ मोडलेली, आणि मोडलेल्या प्रत्येक ठिकाणी काटा. गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, करवंदीची जाळी असते, अगदी तशी.

मी घडीखात्यात ताग्यांवर छाप मारतो. गिरणीचे लाकडी छाप झिजले की नवे मीच कोरून देतो, म्हणजे हात बरा चालतो. आज काच पुसता पुसता मनात आलं, इंग्रजीला असलं अक्षर आहे, मग मराठीने काय घोडं मारलंय?

तेव्हा आजपासून मराठी करवंदी अक्षर करायला घेतलं. ही वहीही त्यासाठीच. पुढे कोणी विचारलं की हे कसं सुचलं, तर तारीखवार सांगता यावं.

९ ऑगस्ट

'ग' जमला. 'व' काही केल्या जमत नाही. त्याचं पोट मोडलं की तो 'व' राहत नाही, आणि नाही मोडलं तर तो एकटाच साधा गोल दिसतो, लग्नात सदरा घालून आलेल्या माणसासारखा. शिरोरेघेचं मात्र छान सुचलं. ती सलग ओढायचीच नाही. शंकरपाळ्यांची रांग लावायची, टोकाला टोक भिडवून.

माझी बायको शेवंती म्हणाली, तुमचे शंकरपाळे बघून भूक लागते. तिला यातलं काय कळणार? गावी तिला शाळेचा उंबरठासुद्धा कोणी दाखवला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज हिंमत करून गिरगावात अण्णांच्या छापखान्यात गेलो. नाटकांच्या मोठ्या जाहिराती तिथेच छापतात. अण्णा स्वतः एप्रन घालून उभे होते. मी म, र आणि ठ असे तीन ठोकळे टेबलावर ठेवले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक ठोकळा उजेडाकडे धरला.

मग म्हणाले, इंग्रजीत याला ब्लॅक लेटर म्हणतात, जुन्या बायबलांत असतं, सर्टिफिकेटांवर असतं, मराठीत कोणी केलेलं त्यांच्या तरी पाहण्यात नाही. त्यांचा लाकडी अक्षरं कोरणारा माणूस डोळे गेल्यामुळे गावी परतला आहे आणि ती जागा रिकामी आहे, हेही त्यांनी सहज सांगितलं. मला ते सहज वाटलं नाही. पूर्ण संच करून आण, मग बोलू, म्हणाले.

परतताना लालबागपर्यंत चालत आलो. घडीखात्यात उभ्या उभ्या एकच छाप आयुष्यभर मारायचा, की अण्णांच्या टेबलाशी बसून रोज नवं अक्षर कोरायचं, असा प्रश्न आहे. उत्तर या संचावर अवलंबून आहे. साठेक ठोकळे होतील.

२५ ऑगस्ट

अकरा झाले. पहिली पाळी संपली की संध्याकाळी गॅलरीत बसून कोरतो.

शेवंतीने नवीन छळ सुरू केला आहे. तांदूळ निवडत शेजारी बसते आणि एकेक ठोकळा उचलून विचारते, "ह्येका काय म्हणतत?" मी सांगतो, भ. "आणि ह्येका?" ध. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दोन. एकदा चिडून म्हटलं, कालच सांगितलं ना? तर म्हणते, सांगलात, पण तुमच्या वहीत तो डावीकडे बघतो. लाकडावरचं अक्षर उलटं कोरावं लागतं आणि कागदावर ते सुलटं उमटतं, हे तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. ठसा काढून दाखवला तेव्हा कुठे पटलं. तो ठसा नंतर सापडला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

तळमजल्यावर कमळाबाईंची खाणावळ आहे. साताऱ्याकडच्या आहेत, पंधरा गिरणीकामगार जेवतात त्यांच्याकडे. मी फुकट पाटी रंगवून देतो म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. करवंदी अक्षरांत 'कमळाबाईंची खाणावळ' असं झोकात रंगवलं.

परिणाम लिहून ठेवतो, कारण मी खरं लिहायचं ठरवलंय. एकाने विचारलं, इथे मद्राशी कोण राहायला आलं? माझगावचा एक ख्रिस्ती फिटर पाटीसमोर टोपी काढून उभा राहिला, त्याला वाटलं आत प्रार्थना चालते. माझा घडीखात्यातला दोस्त दौलत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या शाखेत काम करतो आणि रोज चाळीच्या पायरीवर अख्खा पेपर मोठ्याने वाचतो. त्याने पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "जयवंत, ही पाटी हाय का कुंपण?"

कमळाबाई मात्र खूश. त्यांना पाटी वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची काही तक्रार नाही.

१९ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा.

गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात समितीचा फलक लावायचा होता. दौलतला गळ घालून तो मी करवंदी अक्षरांत छापला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. दीड हात उंचीचा. मी मांडवाच्या खांबाला टेकून दोन तास उभा होतो. येणारा प्रत्येक माणूस, म्हातारा, पोर, हमाल, भजीवाला, एका नजरेत वाचत होता. नुसता वाचत नव्हता, मोठ्याने म्हणत होता. एक आंधळे आजोबा नातवाचा हात धरून आले, त्यांनीही फलकाकडे तोंड करून घोषणा दिली.

आता अण्णा काय बोलतात ते बघायचं. कोण म्हणतो माझं अक्षर वाचता येत नाही?

२१ सप्टेंबर, रविवार

तोंडघशी पडलो.

अण्णांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. आंधळ्या आजोबांची गोष्ट ऐकताच ते मिशीतल्या मिशीत हसायला लागले. मग म्हणाले, "अहो, हे वाक्य गेली तीन वर्षं मुंबईच्या तोंडात बसलंय. तुम्ही तिथे नुसत्या करवंदीच्या काट्या टांगल्या असत्या, तरी लोकांनी हेच म्हटलं असतं."

मला कसं सुचलं नाही? दोन तास मी अक्षर वाचणारी माणसं मोजत होतो, आणि ती पाठ केलेलं म्हणत होती.

अण्णांनी मग रोखठोक अट घातली. अक्षर देखणं आहे यात वाद नाही, पण जाहिरात भिंतीवर लागते आणि भिंत वाचणारा माणूस थांबत नाही. संच पुरा झाला की ठोकळे त्यांच्याकडे द्यायचे. ओळ ते जुळवणार, ती मला दाखवणार नाहीत, आणि एका रविवारी स्वतः लालबागला येऊन आमच्या चाळीच्या भिंतीवर लावणार. दहा माणसांनी ती वाचली तर करवंदी अक्षर त्यांचं आणि रिकामी जागा माझी. नऊ झाली तर मी घडीखात्यात बरा.

५ ऑक्टोबर, रविवार

एकतीस ठोकळे. आज शेजारच्या राजाराम मास्तरांना एक ओळ वाचायला दिली. चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि मला विचारलं, ही मोडी का? मोडी असेल तर येते म्हणाले.

काटे कमी करावेत का? केले तर वाचता येईल, पण मग ते करवंदी कसलं, नुसतं जाड अक्षर. संध्याकाळभर याचाच विचार केला. काटे ठेवणार. माणसं शिकतील.

१६ ऑक्टोबर

ठशांचे कागद फार नाहीसे होतात. आज माग काढला तर कमळाबाईंच्या खाणावळीत. त्यांनी माझा 'म' मसाल्याच्या बरणीवर चिकटवलाय, 'ह' हळदीच्या, 'ड' डाळीच्या. तीन तीन तास राबून कोरलेल्या अक्षराची ही किंमत. योगायोगाने बरोबर बरण्यांवर बसलेत म्हणून मी फार बोललो नाही.

दुपारी सगळ्या बायका तिथे जमतात आणि निवडणं-टिपणं चालतं. मी आत डोकावलो की गप्प होतात. माझीच टिंगल चालत असणार, दुसरं काय?

११ नोव्हेंबर

दिवाळी. गॅलरीत दर दारापुढे रांगोळी. आमच्या दारात शेवंतीने कमळाच्या भोवती करवंदी अक्षरांची नक्षी काढली होती: शे, वं, ती, अशी गोलात. शंकरपाळे अगदी मापात. मला बरं वाटलं. तिला म्हटलं, नक्षी म्हणून तरी तुला हे अक्षर आवडतं. ती फराळाचं ताट आणायला आत गेली.

कमळाबाईंच्या दारातही तसलीच नक्षी होती, पण वेगळ्या अक्षरांची. ही टूम बायकांत पसरते आहे. छपाईला नाही तर निदान रांगोळीला माझं अक्षर चालेल, अशी स्वतःची समजूत घातली.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्रेसष्ट ठोकळे, तेल पाजून, फडक्यात बांधून अण्णांच्या हवाली केले. पुढच्या रविवारी येतो म्हणाले. जेवण जात नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला अण्णा आले. काखेत गुंडाळी, हातात मिठाईचा खोका. खाणावळीशेजारच्या भिंतीवर त्यांनी जाहिरात लावली आणि समोरच्या ओट्यावर खोका मांडीवर घेऊन बसले. मला ताकीद दिली, तोंड उघडायचं नाही.

मी ओळ वाचली. 'हे वाचणाऱ्याला एक लाडू. ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडे मागावा.' खोक्यात दहा लाडू होते, मोजून.

तासभर पुरुषमाणसं येत-जात होती. काही थांबली. कोणी म्हणालं सर्कस आली, कोणी म्हणालं इंग्रजी सिनेमा. राजाराम मास्तर दहा मिनिटं उभे राहिले आणि पहिलं अक्षर 'ह' आहे असं छातीठोकपणे सांगून गेले. दौलत आला, पेपर काखेत, जाहिरातीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. ते मला सगळ्यात जास्त लागलं. दहा वाजले तरी खोका भरलेला. अण्णा घड्याळ बघत होते. मी मनातल्या मनात घडीखात्यात परत गेलो, छाप उचलला आणि ताग्यावर मारलासुद्धा.

तेवढ्यात कमळाबाई खरकटं पाणी टाकायला बाहेर आल्या. बादली खाली ठेवली. भिंतीकडे बघितलं. ओठ हलले. मग पदराला हात पुसत सरळ ओट्याकडे चालत गेल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "लाडू द्या की."

अण्णांनी विचारलं, कसला लाडू? "तिथं लिवलंय नव्हं, ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडं मागा. तुमच्याबिगर म्हातारा कुठं हाय हितं?"

अण्णांनी लाडू दिला. त्यांचा हात हवेतच राहिला. कमळाबाईंनी वळून चाळीकडे हाक मारली, आणि एकामागून एक बायका खाली यायला लागल्या. खोली पुसता पुसता, पोराला कडेवर घेऊन, वेणी अर्धी घालून. दर बाई भिंतीसमोर उभी राहायची, ओठ हलवायची, हसायची आणि लाडू मागायची. एक जण अडखळली तर बाकीच्या सांगेनात, तिची तिलाच वाचू देत. मालन, कांता, बकुळाबाई, सुंदराबाई. यांतली एकही शाळेत गेलेली नाही.

नऊ झाल्या. मग जिन्यावरून कोणीच उतरेना. खोक्यात एक लाडू. अण्णा म्हणाले, नऊ. अट दहाची होती.

शेवंती वर गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. मी वर बघितलंसुद्धा नाही. तिला वाचता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. ती खाली आली. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नाही. भिंतीकडे एकदाच बघून ती अण्णांपुढे उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "रवलेलो लाडू माझो."

मग अण्णांना राहवेना. त्यांनी दौलतचा पेपर मागवला आणि कमळाबाईंच्या हातात दिला. वाचा म्हणाले. कमळाबाईंनी तो उलटसुलट करून परत दिला. ही अक्षरं वेगळी आहेत म्हणाल्या, सपाट, यांना काटेच नाहीत, ओळखायची कशी?

अण्णा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला म्हणाले, "तुमचं अक्षर अजब आहे. ज्याला वाचता येतं त्याला ते येत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही तो घडाघडा वाचतो." पण शब्दाला जागले. दहा म्हटले होते, दहा झाले. एक डिसेंबरपासून या. करवंदी अक्षर मथळ्यांना आणि लग्नपत्रिकांना वापरू, बाकी दिवसभर साधी अक्षरं कोरायची, म्हणाले. मी मान डोलावली.

हे कसं झालं ते अण्णांनीच बायकांना विचारलं. शेवंती संध्याकाळी माझ्याकडून दोन अक्षरं शिकायची आणि दुसऱ्या दुपारी खाणावळीत ती सगळ्यांना शिकवायची. बरण्या, रांगोळ्या, हरवलेले ठसे, सगळी तिची शाळा. तीन महिने माझ्या नाकासमोर चालली होती. मी याच वहीत तिची टिंगल लिहीत होतो. तुला शिकायचंय का, एवढं सुद्धा मी तिला सहा वर्षांत विचारलं नाही. मला नोकरी मिळाली याचा आनंद आहेच, पण आज जास्त लाज वाटली.

२४ नोव्हेंबर

शेवंती म्हणते, आता पेपरातली सपाट अक्षरं शिकवा. पाटीवर काढून दिली. साधा 'व' बघून म्हणाली, ह्येचे काटे कोणी खाल्ल्यान?

१४ डिसेंबर, रविवार

छापखान्यात दोन आठवडे झाले. त्याविषयी नंतर लिहीन, आज दुसरंच लिहायचं आहे.

समितीचा अर्ज दिल्लीला जायचा आहे, त्यावर गल्लीगल्लीतून सह्या घेत आहेत. दौलत दुपारी कागद आणि शाईचा पॅड घेऊन खाणावळीत आला. पुरुषांच्या सह्या झाल्या. बायकांसाठी त्याने अंगठ्याचा वेगळा रकाना आखून आणला होता. पॅड उघडून कमळाबाईंपुढे सरकवला. कमळाबाईंनी पॅड बाजूला केला, त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि सावकाश, एकेक काटा काढत, आपलं नाव लिहिलं. मग मालनने. मग कांताने.

दौलतची पंचाईत झाली. वाईट मनाचा नाही तो, पण कागदाची जबाबदारी त्याच्यावर. शेवंतीची पाळी आली तेव्हा तिने पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि दौलत म्हणाला, "वहिनी, दिल्लीत याला नक्षी म्हणतील. वाचता येतं ना, मग वाचून दाखवा. मी बाजूला लिहितो, की समक्ष वाचलं."

शेवंतीने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि वाचलं, शेवंती. बोट पुढे सरकलं आणि ती थांबली. दौलत वाट बघत राहिला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं अडलं तिचं. वं वरचं टिंब जरा मोठं आलं होतं, बाकी अक्षर माझ्याहून चांगलं.

दौलत म्हणाला, येत नसेल तर राहू द्या, अंगठा मारा.

"येता माका," ती म्हणाली. "घोवाचा नाव तोंडान घेवचा नाय, म्हणान थांबलंय." मग माझ्याकडे न बघता कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमी वाचा."

सहा वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नाही, आणि म्हातारे होईपर्यंत ऐकणारही नाही. पण ते तिने लिहिलं होतं, माझ्याच अक्षरांत, सगळ्यांसमोर. मी वाचलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.

दौलतने शाईचा पॅड मिटला, आणि रकान्याच्या 'अंगठा' या मथळ्यावर रेघ मारून बाकीच्या बायकांच्या सह्या त्यातच लिहून घेतल्या.